ओसरी आणि माजघर : मोबाईलवरचे घरचे संबंध आणि गटाचे काम



मागच्या अंकात आपण हिशोबाच्या वहीबद्दल बोललो. या वेळी मोबाईलबद्दल बोलू. सुरुवात माझ्याच चुकीने करते, कारण ती चूक तुमच्याकडूनही होऊ शकते.

दीड वर्षापूर्वी मी नवीनच कामाला लागले होते. एका गटाचे हप्ते थकले होते. बैठकीत वाचून दाखवलेली थकबाकीची यादी मी फोटो काढून गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. वाटलं, सगळ्यांना आठवण राहील. पण त्या ग्रुपमधले निम्मे नंबर बायकांचे नव्हतेच. कुणाचा नवऱ्याचा, कुणाचा मुलाचा, कुणाचा दिराचा. संध्याकाळपर्यंत यादी घरोघरी वाचून झाली. एका ताईंनी माहेरच्या आजारपणासाठी कर्ज घेतलं होतं आणि ते सासरी सांगितलं नव्हतं. त्या पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले. त्या एवढंच म्हणाल्या, “मॅडम, पैसे मी बुडवणार नव्हते. गटात बोलला असता तर ऐकून घेतलं असतं. तुम्ही दारात आणून टाकलं.”

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून ठेवली आहे. आपल्या घराला ओसरी असते आणि माजघर असतं. ओसरीवर कुणीही येतं, बसतं, चहा घेतं. माजघरात आपलीच माणसं येतात. मोबाईलमध्ये मात्र माहेर, सासर, गट, बँक, गिऱ्हाईक सगळे एकाच खोलीत बसलेले असतात. भिंत आपल्यालाच घालावी लागते. ती कशी घालायची ते बघू.

१. कर्जाचं बोलणं बैठकीतच

आपल्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे आहेत. कुणाचा हप्ता थकला हे गोल बसून, तोंडावर बोलायचं. तिथे तिला कारण सांगता येतं, मुदत मागता येते. मोबाईलवर तिला काहीच बोलता येत नाही, नुसतं नाव जातं. ग्रुपवर फक्त बैठकीची तारीख, वेळ, जागा आणि प्रशिक्षणाचे निरोप टाका. आधार कार्ड, पासबुक, सह्यांचे कागद यांचे फोटो ग्रुपवर नकोत. द्यायचेच असतील तर ज्या ताईंकडे काम आहे त्यांनाच एकटीला पाठवा आणि काम झाल्यावर पुसून टाका.

२. विक्रीसाठी वेगळा नंबर

पापड, शेवया, मसाल्याच्या पाकिटावर आपण घरचा नंबर छापतो. मग रात्री दहाला अनोळखी माणसाचा फोन येतो, घरात कुरबुर होते आणि शेवटी बाई म्हणते, “नको तो धंदा.” असं होऊ देऊ नका. गटासाठी एक वेगळं सिम घ्या. बहुतेक फोनमध्ये दोन सिम बसतात. घरच्या नंबरवर साधं व्हॉट्सॲप ठेवा, गटाच्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस. हे ॲप भारतात २०१८ मध्ये आलं आणि ते फुकट आहे. त्यात मालाचे फोटो आणि भाव मांडून ठेवता येतात. कामाची वेळ लिहिता येते. त्या वेळेनंतर कुणी विचारलं तर “उद्या सकाळी उत्तर देऊ” असा निरोप आपोआप जातो. म्हणजे चुलीपुढे असताना हातातली भाकरी टाकून फोन बघावा लागत नाही.

सिमचं रिचार्ज गटाच्या खर्चातून करा आणि वहीत लिहा. सिम कुणाच्या नावावर आहे, फोन कुणाकडे राहील आणि पदाधिकारी बदलल्यावर नंबर कसा सोपवायचा, याचा ठराव करून ठेवा. नंबर गटाचा आहे, एकटीचा नाही.

३. गिऱ्हाइकांचा ग्रुप करू नका

ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. तुमच्याकडून लोणचं घेणाऱ्या शिक्षिकेचा नंबर भलत्याच माणसाकडे गेला तर दोष तुमच्यावर येईल. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट करा. निरोप सगळ्यांना जातो, पण ज्याचा त्याला वेगळा मिळतो. फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो पोचतो. म्हणून माल देतानाच सांगायचं, “ताई, आमचा नंबर सेव्ह करून ठेवा.”

आणि तुम्हाला कुणी न विचारता कुठल्याही ग्रुपमध्ये घेत असेल, तर सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स, तिथे फक्त आपल्या ओळखीच्यांनाच परवानगी द्या.

४. नातं तोडायचं नाही, हिशोब वेगळा ठेवायचा

कुणी म्हणेल, मग नातेवाईकांना माल विकायचाच नाही का? तसं अजिबात नाही. आपली पहिली ऑर्डर बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या भाच्याकडून, नाहीतर माहेरच्या वहिनीकडूनच येते. माणसं हीच आपली पहिली बाजारपेठ. पण नणंदेने दोन किलो पापड नेले आणि पैसे मागायला लाज वाटली, तर तोटा तुमच्या एकटीचा होत नाही, दहाजणींचा होतो. भाव सगळ्यांना एकच ठेवा. भेट द्यायची असेल तर स्वतःचे पैसे गटात भरून भेट द्या.

स्टेटसचंही तसंच. लेकीच्या वाढदिवसाचे फोटो घरच्या नंबरवर, मालाचे फोटो गटाच्या नंबरवर. स्टेटस कुणाला दिसावं हे ठरवता येतं, तेही शिकून घ्या. आणि गटातल्या मैत्रिणीचा फोटो टाकण्याआधी तिला विचारा. बैठकीचा फोटो असला तरी विचारा.

५. ओसरीवर येणारा प्रत्येकजण पाहुणा नसतो

गटाचा नंबर बाहेर गेला की अनोळखी फोन येणारच. “मोठी ऑर्डर देतो, पैसे पाठवलेत, हा कोड स्कॅन करा, पिन टाका,” असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणाला तरी नाही. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

या महिन्याच्या बैठकीत एवढं करा

• आपल्या ग्रुपमधले नंबर खरंच कुणाकुणाकडे असतात, ते एकेकीला विचारा.
• ग्रुपवर काय टाकायचं आणि काय नाही, याचा ठराव इतिवृत्तात लिहा.
• विक्री करत असाल तर वेगळ्या नंबरचा निर्णय घ्या.
• ज्या ताईंना मोबाईल येत नाही, त्यांच्या शेजारी येणारी ताई बसवा. निरोप त्यांना तोंडी सांगण्याची जबाबदारी एकीला द्या.

त्या ताई तिसऱ्या बैठकीला आल्या. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर माफी मागितली. मग त्यांनीच ठराव मांडला : “कर्जाचं बैठकीत, मोबाईलवर फक्त तारीख आणि वेळ.” इतिवृत्तात तो तसाच लिहिला आहे, त्यांच्याच शब्दांत. तुमच्या गटातही कुणीतरी गप्प बसलेली असेल. ग्रुपवर पुढचा फोटो टाकण्याआधी क्षणभर तिचा विचार करा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक