जुना टचस्क्रीन संगणक भंगारात देण्याआधी
गाणी-सिनेमांसाठी नवा स्मार्ट टीव्ही ‘बिनव्याजी’ हप्त्यांवर घेताय? प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी आधी विचारा. घरात पडून असलेला टचस्क्रीन संगणकही हे काम करू शकतो. लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा; स्पर्श आणि आवाज नीट चालला, तरच कायमची बसवा. व्हीएलसी प्लेयरही फुकटच. वीज? ६० वॅटचा संगणक रोज ४ तास चालला, तर महिन्याला साधारण ७ युनिट.

मात्र बसवण्याआधी खाते उतारे, आधार-पॅनच्या प्रती दुसरीकडे काढून ठेवा आणि बसवताना संपूर्ण डिस्क पुसण्याचाच पर्याय निवडा. पुढे हा संगणक पाहुण्यांची मुलेही हाताळणार; त्यावर नेट बँकिंग नको.