भाड्यासाठी घर घेताना काय पाहावं?

प्रश्न : मी किन्हवलीचा, नोकरी ठाण्याला. थोडी बचत साठली आहे. आसनगावला किंवा मुरबाडला वन बीएचके घेऊन भाड्याने द्यावा, असा विचार आहे. एजंट म्हणतात, समृद्धी महामार्गामुळे भाव दुप्पट होतील. अशी गुंतवणूक पहिल्यांदाच करतो आहे. घर घेण्यासारखं आहे की नाही, हे कसं ओळखायचं?
– एक वाचक, किन्हवली

उत्तर : भाव पुढे किती वाढेल, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. आधी हे विचारा की या घरात राहायला कोण येईल आणि ते दरमहा किती देऊ शकतील? आसनगावला भाडेकरू मिळतो तो मुख्यतः लोकलमुळे. त्यामुळे स्टेशनपासून पायी किती मिनिटं लागतात, हे स्वतः चालून पाहा. आसनगावऐवजी जवळच्या शहापूर गावात घर असेल तर रात्रीच्या शेवटच्या गाड्यांना शेअर रिक्षा मिळते का, तेही बघा. मुरबाडला अजून रेल्वे नाही. तिथलं भाडं एमआयडीसीतले कामगार, शिक्षक आणि सरकारी नोकर यांच्यावर चालतं. कल्याण–मुरबाड रेल्वेची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, पण गाडी धावेपर्यंत तिच्या भरवशावर एक रुपयाही जास्त मोजू नका.

दुसरी गोष्ट पाणी. तानसा, वैतरणा, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं याच भागातली, आणि तरीही उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून घर बघायला एप्रिल-मे महिन्यात जा. एजंटला सोबत न घेता जा. इमारतीतल्या बायकांना विचारा : नळाला पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, टँकरचे पैसे कोण भरतं? बोअर असेल तर ती मे अखेरपर्यंत चालते का? पाण्याचा त्रास असलेल्या घरात भाडेकरू टिकत नाही.

आता हिशोब. समजा, घराची किंमत १८ लाख आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी, रंगरंगोटी, किरकोळ दुरुस्ती मिळून आणखी २ लाख. एकूण २० लाख झाले. भाडं महिना ५,५०० धरू. वर्षात एक महिना घर रिकामं राहील असं मानून चाला, म्हणजे हाती येतील ६०,५००. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स १०,८००, घरपट्टी २,५०० आणि दुरुस्तीचे ६,००० वजा केले की उरतात ४१,२००. म्हणजे २० लाखांवर वर्षाला जेमतेम दोन टक्के. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुम्ही त्यांच्या जागी खरे आकडे घाला, आणि भाडं एजंटला न विचारता त्याच इमारतीतल्या भाडेकरूंना विचारा. आलेली टक्केवारी बँकेच्या मुदत ठेवीच्या व्याजाशी ताडून पाहा.

कर्ज काढणार असाल तर गणित आणखी कडक होतं. १४ लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत असेल तर हप्ता सुमारे १२,६०० रुपये येतो. वरच्या उदाहरणात खर्च वजा जाता महिन्याला ३,४०० च्या आसपास उरतात. उरलेले ९,००० हून अधिक दर महिन्याला पगारातून घालावे लागतील. ते वीस वर्षं निभतील का, हे घरच्यांसोबत बसून ठरवा.

कागदपत्रांत घाई नको. शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे आणि मुरबाडची ७७ गावंही त्यात येतात. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही. म्हणून इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिचा सातबारा आणि जुने फेरफार काढा. बिगरशेती (एनए) आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि मागील खरेदीची सूची क्रमांक दोन पाहा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ कर आकारणीसाठी असतो, त्याने मालकी सिद्ध होत नाही. काम चालू असलेली इमारत असेल तर महारेराचा क्रमांक संकेतस्थळावर तपासा. हे सगळे कागद स्वतःच्या वकिलाला दाखवा, बिल्डरने सुचवलेल्या वकिलाला नको.

घर घेतल्यावर लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ही जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं.

राहिली समृद्धी. इगतपुरी ते आमणे हा तिचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्ता आला की जमिनीच्या व्यवहारांना जोर येतो, पण वरून सुसाट जाणारी गाडी तुमची खोली भाड्याने घेत नाही. इथे गोदामं, कारखाने, दवाखाने आले आणि लोक राहायला आले, तरच भाडं वाढेल. तसं होईलही, पण आजच्या किमतीत ते धरू नका.

भाड्यातून खर्च सुटत नसेल आणि सगळा डाव भाव वाढण्यावरच असेल, तर ते घर सोडून द्या. बचत बँकेत राहू द्या आणि वर्षभर निरनिराळी घरं पाहत राहा. मे महिन्यातलं पाणी, शेजाऱ्यांनी सांगितलेलं भाडं आणि वकिलाने तपासलेले कागद या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही देऊ नका.