समुद्रावरील हवा पांढुरकी कां दिसते?

वारा समुद्रावरून जोरानें वाहत असतां कोंकणच्या किनाऱ्यावर उभें राहून सूर्याच्या बाजूस क्षितिजाकडे पाहिलें, तर तेथें निळाई न दिसतां दुधट झांक पसरलेली दिसते. सामान्यतः लोक तिला धुकें म्हणतात. धूळ व धूर यांचा तींत थोडाफार वांटा असतो हें खरें. परंतु अशा दिवशीं मुख्य कारण मीठ होय.

लाट फुटतांना पाण्यांत हवा कोंडते व तिचे बुडबुडे वर येऊन फुटतात. त्यांतून अतिसूक्ष्म तुषार उडतात. जड तुषार पुन्हां पाण्यांत पडतात. हलके वाऱ्याबरोबर वर जातात आणि वाटेंत आटून मिठाचे कण होतात. यांतील पुष्कळ कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहून थोडे मोठे असतात.

आतां आकाश मुळांत निळें कां? समुद्राचें प्रतिबिंब म्हणून, असें उत्तर अजूनही ऐकूं येतें. मग सोलापूरचें आकाश कोणत्या समुद्राचें प्रतिबिंब, हें आम्हांस अद्याप कोणी सांगितलें नाहीं! पुढें लॉर्ड रॅले या नांवानें प्रसिद्ध झालेल्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८७१ सालीं दाखविलें कीं, प्रकाशलहरीहून फारच लहान असलेले कण आंखूड लहरी अधिक विखुरतात. लहरीची लांबी निम्मी झाली तर विखुरणें सोळापट होतें. हवेचे रेणू असेच लहान असल्यामुळें निळा प्रकाश आपल्याकडे सर्व बाजूंनीं येतो. मिठाच्या कणाची गोष्ट निराळी. तांबड्या प्रकाशाची लहरदेखील मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून आंखूड. तेव्हां एवढा मोठा कण सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतो, आणि त्यांचें मिश्रण पांढरें दिसतें. अशा कणांचें गणित गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञानें १९०८ सालीं मांडलें. हे कण प्रकाश बहुतांशीं पुढच्याच दिशेस फेंकतात; म्हणून सूर्याकडे पाठ केली कीं तीच हवा पुष्कळ स्वच्छ भासते. विद्यार्थ्यांनीं हें स्वतः पडताळून पाहावें. मात्र सूर्याकडे रोखून पाहूं नये.

पावसाळ्यांत मिठाच्या बरणीला पाणी सुटतें हें प्रत्येक घरीं ठाऊक आहे. हवेंतील कणांचेंही तेंच. सापेक्ष आर्द्रता शेंकडा ७५ च्या सुमारास गेली कीं मीठ ओलावा ओढून विरघळतें व कणाचा थेंब होतो. व्यास दुप्पट झाला तर प्रकाश अडविणारें क्षेत्र चौपट होतें. दमट रात्रीं दीपगृहाचा झोत बाजूनें स्पष्ट दिसतो, तो अशाच थेंबांमुळें. मुलांना तो देखावा फार आवडतो. परंतु बाजूस दिसला तेवढा प्रकाश वाटेंतच खर्चीं पडला. मासेमारी करून किनारा शोधीत परतणाऱ्या तांडेलास तो दिवा अशा रात्रीं नेहमींपेक्षां अधिक जवळ आल्यावरच दिसतो.