माडाएवढे भूत : एक हिशेब

पेणपासून नागोठण्यावरून रोह्यापर्यंत कुठल्याही गावात बसा. वडाखालचे नाहीतर साकवाजवळचे एखादे भूत कोणीतरी सांगतोच. कोणी त्याला झोटिंग म्हणतो, कोणी ब्रह्मराक्षस. नाव बदलते, पण एक वाक्य ठरलेले : "बघता बघता माडाएवढे झाले हो!" भूत आहे की नाही, हा वाद आम्ही घालत नाही. वादाने कोणाचे भय गेलेले आम्ही पाहिले नाही. आपण फक्त त्याची उंची घेऊ. तुम्हांला आता गुणाकार येतो, तेवढा पुरे.

आधी पेणच्या गणपतीकडे चला. समजा, शाडूची वीतभर भरीव मूर्ती आहे. तिला २ किलो माती लागली. तशीच मूर्ती २ विती उंच करायची तर माती किती लागेल? नवखा म्हणेल, दुप्पट. मूर्तिकार हसेल. कारण मूर्ती नुसती उंच होत नाही. ती रुंदीला दुप्पट होते, जाडीलाही दुप्पट होते. २ × २ × २ = ८. म्हणजे माती १६ किलो! पण खालची बैठक लांबीरुंदीलाच वाढते, म्हणून ती चौपटच होते. ओझे आठपट, आधार चौपट. हे नीट ध्यानात धरा, सगळी गंमत इथेच आहे.

आता भूत घ्या. माणूस साडेपाच फूट, माड ५५ फूट. भूत दहापट उंच झाले. त्याचे वजन १० × १० × १० = १००० पट. माणूस ६० किलोचा धरला तर भूत ६०,००० किलोचे, म्हणजे ६० टन. पावलाची जागा मात्र १० × १० = १०० पटच. पायाचे हाड ओंडक्यासारखे आडवे कापले, तर तो कापही १०० पटच भरेल. हजार भागिले शंभर, दहा. हाडावर दहापट भार आला! पाठीवर नऊ माणसे घेऊन तुम्ही साकव ओलांडाल काय? भुताची मांडी पहिल्या पावलालाच मोडेल. पावसाळ्यात भरली बैलगाडी खाचरात रुतते, मग हे धूड कसे चालेल?

आणि खाईल काय? चार टनांचा हत्ती दिवसाला दीडशे किलो चारा सहज खातो. हे तर पंधरा हत्तींएवढे झाले. एवढे खाणारे गावात असते, तर कोणाचे भात शिल्लक राहिले असते?

ही युक्ती आमची नव्हे. इटलीच्या गॅलिलिओने ती १६३८ साली पुस्तकात मांडली. हाल्डेन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२६ साली गोष्टीतल्या राक्षसांना हाच हिशेब लावला. हे गृहस्थ १९५७ साली भारतात राहायला आले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

कोणी म्हणेल, "गुरुजी, भुताला शरीरच नसते." बरे, नसू दे. मग ते मानगूट कशाने धरते? छातीवर बसते ते कशाच्या भाराने? वजन हवे तेव्हा घ्यायचे आणि नको तेव्हा टाकायचे, असा हिशेब वाण्याच्या दुकानातही चालत नाही.

हे आम्ही करमणुकीसाठी लिहीत नाही. भातलावणीच्या दिवसांत रात्री कोणाला साप चावतो. वाटेत वड आहे म्हणून घरचे उजाडायची वाट बघतात, नाहीतर मांत्रिकाला बोलावतात. विष मात्र उजाडायची वाट बघत नाही. अशा वेळी १०८ नंबरला फोन करा. चावलेला पाय हलवू देऊ नका, करकचून बांधू नका, कापू नका. माणसाला थेट पेणच्या किंवा रोह्याच्या सरकारी रुग्णालयात न्या. विषावरचे इंजेक्शन तिथे मिळते. साप चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही मांत्रिकाला सांगा.

आता पाटीवर करा : आजीच्या गोष्टीतले भूत माणसाच्या निम्म्या उंचीचे आहे. माणूस ६० किलोचा, तर भूत किती किलोचे? उत्तर ३० नव्हे, बरे का.