विहिरीवरील इंजिन अडखळते तेव्हा

पाण्याची पाळी ऐन भरात असताना डिझेल इंजिन मंद गतीवर अडखळू लागले, म्हणजे शेतकरी बंधू बहुधा प्रथम नॉझल उघडतात किंवा गव्हर्नरचा स्क्रू पिळतात. हे योग्य नव्हे. दोष पुष्कळदा टाकीपासून पंपापर्यंतच्या इंधनमार्गातच असतो.

आरंभ टाकीपासून करावा. झाकणाचे हवेचे छिद्र मातीने बुजल्यास इंधन नीट उतरत नाही. झाकण सैल करताच इंजिन सुधारले, तर दोष सापडला. नंतर टाकीच्या तळचे थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवावे. पाणी असल्यास ते जड असल्याने तळाशी वेगळे दिसते.

टाकी रिकामी होऊ दिली असल्यास नळीत हवा शिरते. टाकी भरून, इंजिन बंद असताना, फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा. बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार येऊ द्यावी आणि धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. घाईत नेमके हेच राहून जाते. पुढे पंपाच्या स्क्रूशीही तसेच करावे. हवा पुनःपुन्हा धरत असेल, तर जोडांवरील वॉशर तपासावेत.

एवढ्यानेही अडखळणे न थांबल्यास धूर पाहावा. काळा धूर बहुधा एअर क्लीनर तुंबल्याचे वा नॉझल बिघडल्याचे, निळा धूर वंगण तेल जळत असल्याचे चिन्ह होय. नॉझलची चाचणी कारखान्यातील यंत्रावरच करून घ्यावी. त्याच्या फवाऱ्यासमोर हात धरून पाहण्याची खोड मात्र घातक आहे. त्या दाबाचे तेल कातडीतून आत शिरते. तसे झाल्यास, वेदना नसली तरी, तत्काळ डॉक्टरांकडे जावे.