कोळशाच्या पट्ट्यातली तीन पोरं

प्रश्न : माझा कॉलेजात शिकणारा मुलगा ‘क्रिएटर’ नावाच्या जर्मन बँडची जुनी गाणी सतत ऐकतो. मला त्यात नुसता गोंगाट ऐकू येतो. ही मंडळी कोण, त्यांनी सुरुवात कशी केली आणि इतकं कर्कश, इतक्या वेगात का वाजवतात? मुलाने हे ऐकण्यात काही वावगं आहे का? आपल्याकडे असं कुणी वाजवतं का?
— एक वाचक, परळी वैजनाथ (जि. बीड)

उत्तर : कोळशाच्या वाघिणी, चिमण्या आणि उडणारी राख तुमच्या परळीला नवी नाही. ‘क्रिएटर’ अशाच भागातून आला. जर्मनीच्या पश्चिमेला रूर नावाचा, तेव्हा कोळशाच्या खाणी आणि पोलाद कारखान्यांनी भरलेला पट्टा आहे. त्यातल्या एसेन शहराच्या आल्टनएसेन या कामगार वस्तीत 1982 साली तीन शाळकरी पोरांनी बँड काढला. मिले पेट्रोझा गिटार वाजवी, युर्गेन राइल ऊर्फ व्हेंटर ड्रम आणि रॉब फिओरेत्ती बेस. मिले तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याचं घराणं मूळचं इटलीचं. रूरच्या खाणी आणि कारखाने अशा बाहेरून आलेल्या माणसांच्या श्रमावरही चालत. पोटासाठी मुलूख सोडणं म्हणजे काय, हे बीड जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

बँडचं नाव आधी ‘टायरंट’ होतं, मग ‘टॉर्मेंटर’. त्यांच्या वस्तीतल्या त्सेखे कार्ल या बंद खाणीच्या इमारतींमध्ये सांस्कृतिक केंद्र सुरू झालं होतं. तिथे या पोरांच्या तालमी चालत. 1983 आणि 1984 मध्ये त्यांनी दोन डेमो कॅसेट काढल्या. त्या काळी या संगीताचे चाहते एकमेकांना टपालाने कॅसेट पाठवत, त्यावरून पुन्हा नकला काढत आणि पुढे धाडत. रेडिओने दखल घेतली नाही तरी अशा रीतीने बँडचं नाव देशोदेशी पोचे. बर्लिनच्या ‘नॉइज रेकॉर्ड्स’ने त्यांना करारबद्ध केलं आणि ‘टॉर्मेंटर’चं ‘क्रिएटर’ झालं.

‘एंडलेस पेन’ हा पहिला अल्बम 1985 साली आला. बर्लिनच्या स्टुडिओत तो दहा दिवसांत उरकला. काही गाणी मिलेने म्हटली, तर काही ड्रम वाजवणाऱ्या व्हेंटरने. वादन कच्चं आहे, लय कुठे कुठे पुढे पळते, पण जोर अस्सल आहे. पुढच्याच वर्षी निर्माता हॅरिस जॉन्स याच्यासोबत केलेला ‘प्लेझर टू किल’ आला आणि जगभरच्या कितीतरी बँडनी तो पुढे गुरुस्थानी मानला. त्याच 1986 च्या डिसेंबरात एसेनची प्रचंड त्सोलफेराइन खाण बंद झाली. ज्या कामावर बापजाद्यांची आयुष्यं गेली, ते काम डोळ्यांदेखत संपत असताना ही पोरं वयात येत होती. शेजारच्या गेल्झेनकिर्खेनमधल्या ‘सोडोम’ बँडचा टॉम एंजलरिपर तर स्वतः कोळसा खाणीत कामाला होता. या संगीतातला संताप उसना नाही, असं मी ठामपणे म्हणतो ते यामुळेच.

आता आवाजाबद्दल. ‘क्रिएटर’ वाजवतो त्या प्रकाराला थ्रॅश मेटल म्हणतात. त्यात गिटारवादक उजव्या तळहाताची कड तारांच्या बुडाशी टेकवून ठेवतो आणि जाड तारांवर भराभर आघात करतो. तळहातामुळे सूर लांबत नाही, तुटक आणि ठोस निघतो. ॲम्प्लिफायरमधून तो मुद्दाम फाटका करून सोडतात. खाली ड्रमवर पायाचा ठोका आणि हाताचा ठोका आलटून पालटून, श्वास घ्यायला जागा न ठेवता पडतात. मिरवणुकीत हलगी चढत जाते तेव्हा अंगात जे होतं, तेच इथे होतं. गाणं एकदम ऐकू नका. पहिल्या खेपेला फक्त ड्रमकडे लक्ष द्या, दुसऱ्या खेपेला फक्त गिटारकडे. तिसऱ्या खेपेला त्या गोंगाटातली रचना कानाला सापडते.

वावगं काही आहे का, हा प्रश्न रास्तच आहे. सुरुवातीच्या गाण्यांत मरण, रक्त, भुतंखेतं यांची रेलचेल आहे. ते शब्द पंधरा-अठरा वर्षांच्या पोरांचे आहेत आणि भयपटांच्या वळणाचे आहेत. मिलेचं लेखन लवकरच पालटलं. 1987 च्या ‘टेरिबल सर्टन्टी’ अल्बममधलं ‘टॉक्सिक ट्रेस’ हे गाणं विषारी प्रदूषणावर आहे. मार्च 1990 मध्ये, बर्लिनची भिंत पडून चारच महिने झाले असताना, हा बँड पूर्व बर्लिनमध्ये जाऊन वाजवून आला. 2012 साली तो बंगळूरलाही येऊन गेला.

आपल्याकडेही असं वाजवणारे आहेत. थ्रॅशच्या जवळपासचं, अधिक जड आणि काळोखं संगीत करणारा ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा बँड साहिल मखिजा याने 2000 साली मुंबईत उभा केला. आपल्या संगीतासाठी त्याने ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली. 2017 साली या बँडने विष्णूच्या दहा अवतारांवर ‘दशावतार’ हा अल्बम केला. परक्या वाद्यमेळातून आपल्याच मातीतली गोष्ट सांगता येते, याचा तो पुरावा आहे.

म्हणून मुलाला अडवू नका. उलट ‘प्लेझर टू किल’ आणि ‘टॉक्सिक ट्रेस’ त्याच्या शेजारी बसून ऐका आणि त्याला काय आवडतं ते त्याच्याकडूनच समजून घ्या. उद्या त्याने गिटार मागितली, तर जुनीपुराणी का होईना, जरूर घेऊन द्या. राखेच्या गावातली पोरं काय करू शकतात, ते एसेनने दाखवलं आहे. परळीची पोरंही करू शकतील.