चेहऱ्यावरचे टाके : कोणते आणि किती दिवस?

मागच्या पावसाळ्यात सोयगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर सात वर्षांची मुलगी विळ्यावर पडली. गाल फाटला. आजीने भरलेली हळद धुऊन आम्ही तिला शहरात आणले. टाके सुबक पडले. "आठवड्याभराने काढू," असे मी तिच्या आईला सांगितले आणि प्रत्यक्षात पंधराव्या दिवशी पोचलो. जखम भरली होती, पण गालावर शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या खुणा राहिल्या. डॉक्टरांनी पाचवा दिवस लिहून दिला होता. तो कागद माझ्याच पिशवीत होता.

चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तिथली जखम लवकर सांधते आणि टाके तीन ते पाच दिवसांत काढतात. हातापायांना दहा ते चौदा दिवस लागतात; तोच हिशेब आपण चेहऱ्याला लावतो, ही चूक.

सुट्या टाक्यांत प्रत्येकाची गाठ वेगळी. वेडीवाकडी जखम त्यांनी नेमकी जुळते. ओठ फाटला असेल तर पहिला टाका ओठाच्या कडेवर, कारण तिथे मिलिमीटरभर चुकले तरी दिसते. भुवई कधी भादरू नये, तिच्याच रेषेवरून कडा जुळवतात. सलग टाका झटपट होतो, पण एका जागी तुटला की सगळा सैल. खोल जखमेत आधी आतला थर विरघळणाऱ्या दोऱ्याने शिवतात, म्हणजे वरच्या कातडीवर ताण येत नाही.

लहान, सरळ, ताण नसलेल्या जखमेला वैद्यकीय गोंदही चालतो. यात नवल नाही. 1794 साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याकडच्या एका शस्त्रक्रियेची हकिकत छापून आली. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाला कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवले होते. ते टाक्यांनी नव्हे, कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी धरून ठेवले होते!

कुत्रा चावलेली जखम मात्र घाईने शिवून घेऊ नका. साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन आधी रेबीजची लस आणि सीरम. टाक्यांचे डॉक्टर ठरवतील.

मुलांच्या चेहऱ्यावर विरघळणाऱ्या दोऱ्याचा वणही शेवटी साध्या दोऱ्याइतकाच दिसतो, असे अभ्यासांत आढळले आहे. म्हणून आता सुई हातात घेण्यापूर्वीच मी डॉक्टरांना सांगतो, "वस्ती लांब आहे, पाचव्या दिवशी येणे होणार नाही."

नव्या वणाला काही महिने ऊन लागू देऊ नये, म्हणून त्या मुलीला रुमाल बांधायला सांगितला होता. आता ती तो वर्गातही सोडत नाही.